पाहुण्यांबरोबरचे हसणे आणि पाहुण्यांवरचे हसणे

कर्लीकाठ

देवबागेत घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना पर्यटनाच्या प्रत्येक शिबिरात एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. भाषा आली नाही तरी चालेल, चेहऱ्यावर हसू ठेवा, परदेशी पाहुणा आपोआप जवळ येईल. माझे मत असे आहे, की चेहऱ्यावर ठेवलेल्या हसण्याने कोणीही जवळ येत नाही. तसले हसू विमानतळावरही मिळते आणि बँकेच्या खिडकीवरही मिळते. (बँकेच्या खिडकीबद्दलचे विधान मागे घेण्यास मी तयार आहे.)

जवळीक होते ती दोघे एकाच गोष्टीला एकाच वेळी खदखदून हसतात तेव्हा, आणि आमच्याकडे असे प्रसंग बहुधा पाहुणा कशात तरी अडकलेला असताना येतात. फणस सोलायला बसलेल्या एका जर्मन बाईंनी हाताला खोबरेल लावण्यास नम्रपणे नकार दिला, कारण हा काही धार्मिक विधी असावा असे त्यांना वाटले. थोड्याच वेळात चिकाने त्यांची बोटे एकमेकांना चिकटली आणि कपाळावरची बट मागे सारायला गेल्या तेव्हा तीही बोटांना येऊन मिळाली. सासूबाईंनी काही न बोलता तेलाची वाटी पुढे सरकवली. आधी कोण हसले ते सांगता येणार नाही, पण नंतर मुक्काम संपेपर्यंत त्या बाई ओसरीवर कमी आणि चुलीपाशी जास्त दिसल्या.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी जवळीक खरी असते, की मुक्कामापुरती? आणि हे हसणे पाहुण्याच्या फजितीवरच उभे असेल, तर त्यात त्याच्यावर अन्याय होत नाही का? बंदर, जत्रा, जहाज, एसटी, कुठलाही अनुभव लिहावा. उलटे अनुभव आवर्जून लिहावेत.

जांभा_चिरा

परदेशी पाहुण्यांचे ठीक आहे. मुंबईहून येणाऱ्या आमच्या नातलगांना भाषा येते, फणसही सोलता येतो, तरी फोनला रेंज मिळेपर्यंत ते हसत नाहीत. त्यांच्यावर काही उपाय असल्यास कळवावा.

हर्णै_बंदर

कर्लीकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मजकडे नाही, दुसऱ्यासंबंधी एक प्रसंग सांगतो. हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव होतो हे बहुतेकांना ठाऊक असेल. बोटी खोल पाण्यात नांगरून ठेवतात, मासळी होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर येते, तिचे ढीग मांडले जातात आणि भोवती कोंडाळे जमते. बोली इतक्या झपाट्याने चढते, की आमच्यासारख्या गावच्या माणसालाही कोणाचा आकडा कुठे पोचला ते उमगत नाही.

अशाच एका कोंडाळ्यात मागे उभा असलेला फ्रेंच तरुण फोटोसाठी फोन धरलेला हात वर करून उभा होता. लिलाव पुकारणाऱ्या गृहस्थांनी ते पाहिले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता प्रत्येक नवा आकडा त्याच्या नावावर चढवायला सुरुवात केली. दोनतीन आकड्यांनंतर सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि पुकारणाऱ्याने सुरमईच्या ढिगाकडे बोट दाखवून "साहेब, उचला" असे फर्मावले. हास्याचा जो स्फोट झाला त्यात त्या मुलाचे काय झाले असते, ते सांगता येत नाही. तो कानापर्यंत लाल झाला होता. पण त्याने क्षणभर विचार केला, खिशातून पाकीट काढले, त्यातून एसटीचे दापोली-हर्णैचे तिकीट अत्यंत गंभीरपणे बाहेर काढले आणि दोन्ही हातांनी त्या गृहस्थांपुढे धरले. पुकारणाऱ्याने तिकीट उजेडाकडे धरून नीट तपासले, उलट करून पाहिले आणि मान हलवून परत केले. जवळच बसलेल्या एका कोळीणबाईंनी स्वतःच्या पाटीतले दोन बांगडे त्याच्या हातात ठेवले, पैसे घेतले नाहीत, आणि ते कसे भाजायचे ते हातवाऱ्यांनी सांगितले.

पहिले हसणे त्याच्यावर होते यात शंका नाही. तिकीट पुढे केल्यावरचे हसणे मात्र त्याच्याबरोबरचे होते, आणि तो बदल त्या मुलाने घडवला. म्हणून माझे म्हणणे असे, की यजमानाने सुरुवात केली तरी चालते, परंतु पाहुण्याला उलट डाव टाकण्याची जागा ठेवली पाहिजे. पुकारणाऱ्याने तिकीट तपासून ती जागा ठेवली. झिडकारून टाकले असते, तर तो मुलगा नुसता हसे होऊन परतला असता.

प्रयोगवही

हर्णै_बंदर यांनी सांगितलेल्या प्रसंगात विनोद म्हणावा असे वाक्य जवळपास कोणीच बोललेले नाही, याकडे लक्ष वेधतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बाजारांत आणि रस्त्यांवर लोकांच्या साध्या गप्पा टिपून घेतल्या, तेव्हा विनोद म्हणता येईल अशा बोलण्यानंतर आलेले हसणे वीस टक्क्यांहूनही कमी निघाले. उरलेले सगळे "बरं, भेटू मग" अशा सपक वाक्यांनंतरचे होते. एकट्याने असताना माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सोबतीत हसतो, असेही त्याला आढळले.

परक्या संस्कृतीसंबंधी दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. डिसा सॉटर आणि सहकाऱ्यांनी 2010 साली नामिबियाच्या उत्तरेकडील हिंबा लोकांना इंग्रजांचे आवाज ऐकवले आणि इंग्रजांना हिंबांचे. आनंदाच्या वेगवेगळ्या आवाजांपैकी हसण्याचाच आवाज दोन्हीकडे नीट ओळखला गेला. पुढे 2016 साली ग्रेगरी ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांच्या एकत्र हसण्याचे जेमतेम एका सेकंदाचे तुकडे 24 समाजांतील 966 लोकांना ऐकवले आणि हे दोघे मित्र आहेत की अनोळखी, एवढेच विचारले. 61 टक्के उत्तरे बरोबर आली, आणि मैत्रिणी-मैत्रिणींचे हसणे तर सर्वांत सहज ओळखले गेले. भाषा न कळणाऱ्या माणसालाही हसण्यातली जवळीक ऐकू येते, असा याचा अर्थ मी लावतो.

तिरफळ

प्रयोगवही यांच्या आकड्यांविषयी आदर राखून विचारतो. मित्र की अनोळखी, असा दोनच पर्यायांचा प्रश्न असेल, तर डोळे मिटून नाणे उडवणाऱ्यालाही 50 टक्के मिळतात. म्हणजे मनुष्यजातीची थोरवी अकरा टक्क्यांची झाली. शिवाय ऐकणारे 24 समाजांतले असले तरी हसणारे सगळे अमेरिकेतले विद्यार्थी होते, हे मी कुठेतरी वाचले आहे.

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. आमच्या गावात हंगामात जे हसणे ऐकू येते, त्यातले अर्धे तरी धंद्याचे असते. पाहुणा हसला की आम्ही हसतो, कारण संध्याकाळी त्याने जेवणाचे ताट सांगावे अशी आमची इच्छा असते. त्यालाही ते कळत असते. तोही हसतो, कारण परक्या गावात रात्री दारे बंद व्हायच्या आत त्याला खोली हवी असते. यात वाईट काही नाही, पण याला संस्कृतींचे मीलन वगैरे म्हणू नये. कर्लीकाठ यांच्या सासूबाईंनी त्या बाईंकडून मुक्कामाचे पैसे घेतलेच असतील ना?

प्रयोगवही

तिरफळ यांचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. हसण्याचे नमुने अमेरिकी विद्यार्थ्यांचेच होते. पण यशाचे प्रमाण चोविसाच्या चोवीस समाजांत नाण्याच्या वर राहिले, आणि त्यांत शहरांपासून लांब राहणारे छोटे समाजही होते. एका सेकंदात, चेहरा न पाहता, एवढे कळत असेल, तर तुमच्या धंद्याच्या हसण्यातला धंदाही पाहुण्याला ऐकू येत असणार, हे त्यातूनच निघते.

कर्लीकाठ

तिरफळ, पैसे घेतले. तेलाचे लावले नाहीत.

निवृत्त_सारंग

आयुष्याची बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर काढली. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या माणसे खलाशी म्हणून गेली, त्यांपैकी मी एक. जहाजावर तुम्ही पाहुणेही नसता आणि यजमानही नसता, त्यामुळे तिथले उदाहरण या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते.

वीस-बावीस माणसांच्या जहाजावर फिलिपिनो, युक्रेनी, आपली कोकणी मंडळी आणि एखाददुसरा कुठला तरी वेगळाच, अशी भरती असे. जेवणाच्या मेजावर आम्ही दोघे रत्नागिरीकर आपल्या बोलीत काही बोलून हसलो, की समोरच्या माणसाचा चमचा थांबायचा. त्याला वाटायचे, हे मलाच हसले. आम्ही गावातल्या कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलत असू, पण ते त्याला कसे कळावे? जहाजावरची पहिली भांडणे मी अशाच हसण्यावरून झालेली पाहिली आहेत. म्हणून मेजावर सर्वांना कळेल अशीच भाषा बोलायची, हा अलिखित नियम चांगले बोसन (खलाशांचे मुकादम) कडकपणे पाळायला लावत. हसण्याने माणसे जोडली जातात हे खरे आहे, पण एका कोपऱ्यातले हसणे दुसऱ्या कोपऱ्याला तोडते हेही तितकेच खरे आहे, आणि परक्या ठिकाणी ते फार लवकर घडते.

याउलट विषुववृत्त ओलांडतानाचा प्रकार. कधीही विषुववृत्त न ओलांडलेल्या नव्या माणसाला समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात हजर करतात. दोरखंडाची दाढी आणि पत्र्याचा मुकुट घातलेला, सहसा जहाजावरचा सर्वांत जाडा माणूस नेपच्यून होतो. आरोप वाचले जातात, भटारखान्यातले खरकटे आणि ग्रीस यांचा लेप होतो, पाण्यात बुडवतात आणि शेवटी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र देतात. वर्णन ऐकून कोणाला हा छळ वाटेल, आणि काही जहाजांवर तो छळ झालाही असेल. आमच्या जहाजावर तो सुसह्य होण्याचे कारण असे, की हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाने तो लेप एकदा अंगावर घेतलेला होता. माझ्या वेळी जो युक्रेनी इंजिनियर सर्वांत मोठ्याने हसला, त्यानेच नंतर रॉकेलचा बोळा आणून माझ्या कानामागचे ग्रीस काढले, आणि त्याआधी कित्येक दिवस आमच्यात कामापलीकडे शब्द झाला नव्हता.

आता पहिला प्रश्न. जवळीक मुक्कामापुरती असते का? जहाजावरची जवळीक करार संपला की संपते. पत्ते घेतले जातात, पत्रे लिहिली जात नाहीत. मला त्यात काही खोटे वाटत नाही. सहा महिने एका लोखंडी डब्यात सुखाने राहता आले, एवढेच तिचे काम होते.

प्रयोगवही

सारंगकाका, तुम्ही सांगितलेल्या पाळीपाळीने होणाऱ्या थट्टेला मानववंशशास्त्रात मानाचे स्थान आहे. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली थट्टेच्या नात्यांवर लेख लिहिला. ज्या दोन माणसांत किंवा कुळांत तेढ होण्याची शक्यता असते, तिथे समाजच थट्टेची मोकळीक देतो आणि त्या थट्टेचा राग मानायचा नाही असा दंडक घालतो, असा त्यांचा मुद्दा होता. पश्चिम आफ्रिकेत कुळाकुळांत अशी नाती आजही आहेत. अनोळखी माणसाचे आडनाव कळले, की त्याला बिनदिक्कत शिव्या देऊन ओळख सुरू करता येते. नायजर देशातील ही प्रथा युनेस्कोने 2014 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

जांभा_चिरा

आडनाव कळताच शिव्या द्यायला सुरुवात करणे हा वारसा असेल, तर आमच्या वाडीचे नावही युनेस्कोला कळवावे.

रेवदंडा_पूल

आमच्या बाजूचे थोडे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्या नोंदींत असे आहे, की तो जाईल तिथे लोक मागे मागे येत, कारण गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटे. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे आणि रशियन पर्यटक ते पाहायला येतात. आता त्यांच्या मागे कोणी जात नाही, तेच आपल्या मागे फोन घेऊन येतात.

या किनाऱ्यावर परका आणि घरचा ही विभागणी तशी सोपी नाही. कोर्लईच्या किल्ल्याखाली पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक मिश्र बोली घरोघरी बोलली जाते. नवगावला ज्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असे मानतात, ते बेने इस्रायल लोक तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही आडनावे आपलीच. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे हळूहळू इस्रायलला गेली. त्यांची नातवंडे कधीकधी आजीचे गाव पाहायला येतात.

असाच एक तरुण आमच्या आळीत आला होता. त्याला इंग्रजी येत होते, मराठी येत नाही असे त्याने सांगितले. आमच्या शेजारच्या काकूंनी चहा दिला, नको म्हणाला तरी आणखी ओतला, पोहे आणले, लाडू आणले, आणि आणखी काही आणायला उठल्या, तेव्हा तो एकदम स्पष्ट, ठसठशीत, शंभर वर्षांपूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या मराठीत म्हणाला, "आता गप बस मेले, किती खिलवशील?" काकू बशी हातात घेऊन जागीच थांबल्या. मग जे हसणे सुरू झाले ते अंगणापलीकडच्या घरांतून माणसे बाहेर येईपर्यंत चालले. त्याची आजी लहानपणी त्याच्या आईला जे रागावत असे, तेवढेच मराठी त्याच्यापर्यंत पोचले होते. नमस्कार, धन्यवाद यांपैकी काही नाही. त्याला वाटत होते, की हेच आदराने बोलणे असावे.

तिरफळ यांना सांगायचे, तर या हसण्यात एका पैशाचाही व्यवहार नव्हता.

तिरफळ

मान्य. मात्र तो पाहुणा नव्हता. माहेरी आलेल्या लेकीचा नातू होता. त्याला हक्क होता.

मालवण_जेटी

कर्लीकाठ यांनी उलटे अनुभव मागितले होते, तो देतो. हा परदेशी पाहुण्यांचा नाही, आपल्याच राज्यातल्या मोठ्या शहरातून आलेल्या मंडळींचा आहे. मासळीबाजारात बसणाऱ्या एका वयस्क बाईंशी चारपाच जणांनी मुद्दाम भाव करायला सुरुवात केली, त्या त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात बोलू लागल्या, आणि एक जण बाजूने चित्रीकरण करत राहिला. बाई मनापासून बोलत होत्या, हसतही होत्या, कारण त्यांना वाटले की गिऱ्हाईक मजेत आहे. मासे कोणी घेतले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या नातीने ते चित्रीकरण फोनवर पाहिले, त्याखाली बाईंच्या बोलण्याची, दातांची आणि लुगड्याची टिंगल होती. त्या पुढे बरेच दिवस बाजारात तोंडावर पदर घेऊन बसत.

म्हणून हसण्याने माणसे जोडली जातात, असे सरसकट कोणी लिहिले की मला राग येतो. त्या दिवशी दोन्ही बाजू हसतच होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते सामायिक हसणेच वाटले असते. एका बाजूला दुसऱ्याच्या हसण्याचे कारण ठाऊक होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते, एवढाच फरक होता, पण तो पुरेसा होता.

हर्णै_बंदर

मालवण_जेटी यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्या प्रसंगातल्या मुलाच्या हातातही फोनच होता, हे आता लक्षात येते.

आंबोली_घाट

उलट्या अनुभवांत एक साधी भर. पावसाळ्यात आमच्याकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कोणी घसरले, की आम्ही आधी हसतो आणि मग हात देतो. हात देण्यात हयगय नसते, फक्त क्रम असा आहे. पडणाऱ्याला लाज वाटू नये, काही विशेष घडलेले नाही असे वाटावे, म्हणून ते हसणे असते, आणि गावचा माणूसही पडल्या पडल्या स्वतः हसतो. एका डच बाईंना मात्र ते फार लागले. त्या उठल्या, कोणाचा हात घेतला नाही आणि संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. समजावून सांगायला गेलो, तर ते आणखी विचित्र होत गेले. तेव्हापासून पाहुणा पडला तर आधी हात द्यायचा आणि हसायचे की नाही ते त्याने ठरवायचे, अशी मुलांना ताकीद दिली आहे. मुलांना ते फार जड जाते.

धयकालो

इतकी चर्चा झाली आणि दशावताराचा उल्लेख नाही, हे सिंधुदुर्गकरांना शोभत नाही. परदेशी पाहुण्यांना मी अनेकदा जत्रेतल्या नाटकाला नेले आहे. कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या देवळांपुढे हे प्रयोग होतात, रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटे दहीकाल्याने संपतात. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. बायकांची कामेही पुरुषच करतात.

आख्यानाच्या आधी आड दशावतारात संकासुर येतो. वेद पळवणारा हा दैत्य काळ्या वेशात येतो आणि देव जिथे भारदस्त मराठी बोलतात तिथे हा अस्सल मालवणीत त्यांची पार पिसे काढतो. माझ्याबरोबरच्या पाहुण्यांना यातले अक्षर कळत नाही, तरी ते हसतात, आणि ते का हसतात याचा मी बराच विचार केला. त्यांच्या हसण्याचा क्षण प्रेक्षकांच्या हसण्याहून किंचित उशिरा येतो, म्हणजे सुरुवातीला ते शेजारच्याचे पाहून हसतात. परंतु तासाभराने ते बरोबर जागेवर हसू लागतात. भटजी बोलत असताना संकासुर जो थांबतो, मान जराशी तिरकी करतो, आणि मृदंगावर एक थाप पडेपर्यंत काहीच बोलत नाही, तो विराम त्यांना कळू लागतो. शब्द येण्याआधीच ते हसायला तयार असतात. संकासुराचे काम करणारा नटही पक्का असतो. मांडवात गोरा चेहरा दिसला, की तो विष्णूला सोडून त्याच्याकडेच वळतो आणि वेद परत हवे असतील तर ह्या साहेबांकडे मागा, मी त्यांच्या बॅगेत ठेवले आहेत, असे सांगून मोकळा होतो. एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी बॅग उघडून दाखवली. आत पाण्याची बाटली आणि डास पळवणारे मलम निघाले. उरलेल्या रात्रभर संकासुर दर थोड्या वेळाने विष्णूला मलम लावून घेण्याचा सल्ला देत होता.

तिरफळ

धयकालो यांचे वर्णन उत्तम आहे, पण अर्धेच आहे. हाच नट समोर जाडी बाई किंवा काळा माणूस दिसला, तर काय काय बोलतो तेही लिहावे. एका आफ्रिकी विद्यार्थ्याला मी अशाच एका प्रयोगाला नेले होते. रंगमंचावरून जे आले त्याचा अर्थ त्याने मला विचारला आणि मी तो सांगितला नाही. सगळा मांडव हसत होता आणि तो माझ्याकडे पाहत होता. एसटीतून परत येताना तो म्हणाला, "अर्थ मला कळला होता."

धयकालो

याला माझ्याकडे उत्तर नाही. अशी वाक्ये येतात. ती परंपरा आहे म्हणून खपवून घ्यावीत असे मला वाटत नाही. चांगले नट बॅगेवर बोलतात, कातडीवर बोलत नाहीत, पण सगळे नट चांगले नसतात.

शिमगोत्सव

गाऱ्हाण्याचा अनुभव लिहितो. मानकरी गाऱ्हाणे घालतात, प्रत्येक मागणीनंतर जमाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो, हे सर्वांना माहीत आहे. आमच्याकडे आलेल्या एका इटालियन जोडप्याने हा प्रतिसाद लगेच उचलला. मात्र गाऱ्हाणे घालणारे आजोबा श्वास घ्यायला मध्येच थांबले, आणि तेवढ्या शांततेत त्या गृहस्थांचे एकट्याचे, खणखणीत "व्हय म्हाराजा" सगळ्या देवळात घुमले. हसावे की नाही, अशा पेचात सगळे सापडले, कारण जागा देवाची होती. आजोबांनीच तो सोडवला. त्यांनी सूर न बदलता पुढची मागणी घातली, "बा देवा म्हाराजा, सातासमुद्रापलीकडसून जो ह्यो पावणो तुझ्या दारात इलो हा, तेच्या पोटाक आमचा तिखाट पचू दे रे म्हाराजा!" त्यावर जो "व्हय म्हाराजा" उठला, तसा त्या देवळात मी परत ऐकलेला नाही.

सारंगकाकांचे पाळीपाळीने हसे होणे आणि हर्णै_बंदर यांची उलट डावाची जागा, या दोहोंपेक्षा हे मला वेगळे वाटते. पाहुण्याने काहीच केले नाही. आजोबांनी त्याची फजिती उचलून गाऱ्हाण्यातच घेतली, आणि मग हसणाराही देवाकडे त्याच्यासाठीच मागत होता.

जांभा_चिरा

पोट पचवू शकले का, हे सांगायचे राहिले.

शिमगोत्सव

नाही. पण दोष देवाचा नाही, त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले.

सुरुबन

थोडे अवांतर, पण विषयाशी जोडलेले. विनोद आणि हसणे वेगळे काढता येतात, याचा पुरावा मुंबईतच आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा रोज विनोद सांगत असत. काही दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेल्यांनी कोणीतरी दुखावू लागले, म्हणून विनोद काढून टाकून नुसते हसणे ठेवले. आज जगभर असे क्लब आहेत. तिरफळ यांनी सांगितलेली मांडवातली अडचणही तीच दिसते. बागेतल्या छोट्या गटात कोणीतरी दुखावते, तर हजारांच्या मांडवात दुखावणारच.

मला स्वतःला ठरवून हसणे जमत नाही. समुद्रावर सकाळी दहाबारा माणसे हात वर करून हसताना पाहिली, की मला त्यांचेच हसू येते. तेही चालते, असे त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले.

कर्लीकाठ

सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभार. दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत बदलले आहे. मी फजिती हेच मूळ मानत होते. आता असे वाटते, की फजिती कोणाचीही असो, ती हाती घेणारा शहाणा असावा लागतो. शिमगोत्सव यांचे आजोबा होते, हर्णैचे पुकारणारे होते. तसे कोणी नसेल, तर मालवण_जेटी यांनी सांगितले तेच घडते. यापुढे आमच्या अंगणात कोणाचे हसे होत असताना कोणी चित्रीकरण करू लागले, तर मी ते थांबवणार आहे, मग तो पाहुणा असो वा माझा भाचा. पहिल्या प्रश्नावर सारंगकाकांचे उत्तर मला पटते, सासूबाईंना पटलेले नाही. जर्मन बाईंचे कार्ड दर नाताळला येते, असे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

आता एक व्यावहारिक मदत हवी आहे. मागच्या वर्षी आलेल्या जपानी जोडप्याला मी दशावताराचे वर्णन सांगितले होते, त्यांना आता आंगणेवाडीची जत्रा पाहायची आहे. विमानाची तिकिटे आधी काढावी लागतात म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख विचारली आहे. कोणाला माहीत असल्यास कळवावी.

धयकालो

ताई, तुम्ही मालवण तालुक्यात राहून हे विचारता! बाकी गावांच्या जत्रा तिथीवर ठरलेल्या असतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख देवीचा कौल घेतल्याशिवाय ठरत नाही, आणि ठरली की मग जेमतेम तयारीपुरता वेळ हातात राहतो. हे त्यांना सौम्य शब्दांत कळवा.

कर्लीकाठ

मला ठाऊक होते, पण कोणीतरी काहीतरी आधी सांगू शकेल अशी आशा होती. त्यांना तसे कळवले. त्यांचे उत्तर आले, की ते दोघे फार वेळ हसले, आणि शक्य असल्यास देवीला शनिवार-रविवार सुचवावा, कारण त्यांना जास्त रजा मिळत नाही.

तिरफळ

मुंबईच्या चाकरमान्यांची हीच विनंती वर्षानुवर्षे पडून आहे. जपानी मंडळींना रांगेत मागे उभे राहावे लागेल.

जांभा_चिरा

व्हय म्हाराजा.